चार वाजून दहा मिनिटांचं ऊन

१

इमारत उभी राहण्याआधी तिच्या खोल्यांमध्ये ऊन कुठून कुठवर येईल, हे सांगणं हा माझा धंदा. नवीन माणसाशी ओळख झाली की तो आधी हसतो. "म्हणजे खिडकी कुठे ठेवायची ते तुम्ही सांगता?" हो. "आणि याचे लोक पैसे देतात?" देतात. आमच्या कार्यालयाचा लिफ्टवाला मला 'ऊनवाले' म्हणतो आणि ढगाळ दिवशी "आज सुट्टी का?" असं न चुकता विचारतो. गंमत म्हणजे मी स्वतः बसतो त्या खोलीला खिडकीच नाही. संगणकाच्या पडद्यावर उजेड पडलेला मला चालत नाही.

काम तसं सोपं आहे. संगणकात खोली बांधायची. भिंतींचा रंग, काचेची जाडी, समोरची झाडं, उत्तर दिशा, सगळं भरायचं. मग वर्षातल्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही तासाला सूर्य आणून उभा करायचा आणि टेबलावर किती उजेड पडतो ते बघायचं. पण उजेड पुरेसा असून भागत नाही, तो डोळ्यांना सोसवायलाही हवा. त्यासाठी खोलीत एक 'डोळा' ठेवावा लागतो. डोळा म्हणजे खोलीत बसलेला माणूस. त्याला हातपाय नाहीत, वय नाही, दुखणं नाही. जमिनीपासून एक मीटर वीस सेंटिमीटरवर एक बिंदू आणि तो कुठे बघतोय हे दाखवणारा एक बाण, एवढंच. त्या बिंदूपाशी संगणक प्रखरतेचा आकडा काढतो. पस्तिशीच्या आत असला तर आराम. पंचेचाळिशीच्या वर गेला तर माणूस तिथे बसू शकणार नाही.

आता एक कबुली देतो. आमच्या धंद्यात कोणीही नवी फाइल कोरी उघडत नाही. जुनी उघडायची, भिंती सरकवायच्या, दिशा फिरवायची, वरचं नाव बदलायचं आणि डोळा आहे तिथेच राहू द्यायचा. माझा डोळा अठरा वर्षांपूर्वीच्या एका विमा कार्यालयातला होता. खुर्चीत ताठ बसून समोरच्या कागदांकडे बघणारा एक कारकून. त्याच कारकुनाला मी शाळांमध्ये बसवलं, वाचनालयांमध्ये बसवलं. सहा वर्षांपूर्वी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी एक शुश्रूषा केंद्र बांधलं गेलं, तिथेही बसवलं. तिथल्या एकाही माणसाला खुर्चीत बसता येणार नव्हतं. ते माझ्या लक्षातच आलं नाही. त्या कामाचं कौतुक मात्र खूप झालं.

२

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मीच म्हणालो, माझ्या केंद्रात ठेवू. 'माझ्या' असंच म्हणालो. तिला बारा नंबरची खोली मिळाली.

खोली छान होती, हे मी आजही म्हणेन. गुडघ्याच्या उंचीपासून छतापर्यंत एकच मोठी खिडकी, पश्चिमेला. बाहेर मोकळं मैदान आणि कडेला कोवळी झाडं. पलंगाचा पायथा खिडकीकडे, म्हणजे पडल्या पडल्या रुग्णाला बाहेरचं दिसावं. उशाशी भिंतीत प्राणवायूची नळी आणि घंटीचं बटण पक्कं बसवलेलं, त्यामुळे पलंग फिरवायची सोय नाही. पडदे नाहीत. माझ्या अहवालाच्या चौदाव्या पानावर वाक्य होतं: 'पडद्यांची आवश्यकता नाही.' पडद्यांवर धूळ बसते, धुण्याचा खर्च होतो, म्हणून संस्थेला ते वाक्य फार आवडलं.

मी दर रविवारी सकाळी अकराला जायचो. पश्चिमेची खोली सकाळी अकराला किती शांत असते, ते मी कोणालाही सांगू शकतो.

"चार वाजले की ऊन डोळ्यांत जातं रे," आई म्हणाली.

"डोळ्यांत नाही जात आई. पायाशी येतं. मी मोजलंय."

"मग माझे डोळे पायाशी असतील."

ती अशी बोलायची. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, पण जीभ शाबूत होती. पुढच्या रविवारी मी उजेड मोजायचं यंत्र घेऊन गेलो, तिच्या शेजारच्या टेबलावर ठेवलं आणि आकडा तिच्यासमोर धरला. हवा तेवढाच होता. अकरा वाजता असणारच. तिने पाणावलेल्या डोळ्यांनी त्या यंत्राकडे बघितलं आणि म्हणाली, "छान आहे हं."

एकदा गेलो तर काचेवर वर्तमानपत्राची पानं चिकटवलेली. तिथल्या उंच नर्सने लावली होती. दुसऱ्या दिवशी एका महाविद्यालयाचे विद्यार्थी ती खिडकी बघायला येणार होते. मी नखांनी चिकटपट्टी सोडवली, पानं काढली, रुमालाने काच पुसली. नर्स दारात उभी राहून बघत होती. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं तेवढ्यात आईच म्हणाली, "काढू दे त्याला. त्याचं काम आहे ते."

माझी थोरली बहीण, ताई, रोज संध्याकाळी सहाला, नोकरीवरून परस्पर जायची. उन्हाची तक्रार तिच्याही कानावर रोज पडायची. शेवटी शेवटी ती वैतागली. "तो एवढा शिकलाय, जगाला सांगत फिरतो, त्याला कळत नाही आणि तुला कळतं?" असं तिने आईला सुनावलं, ते मला नंतर कळलं. चौदा महिने आई त्या खोलीत होती. चार वाजता तिथे काय होतं, हे बघायला आम्हा दोघांपैकी एकही एकदाही गेलं नाही. आठ महिन्यांपूर्वी ती गेली.

३

केंद्राला नवा भाग जोडायचा ठरला. त्याच नकाशाच्या आणखी चाळीस खोल्या. सोमवारी आर्किटेक्ट बाईंचा फोन आला.

"तुमचा जुनाच रिपोर्ट चालेल हो. तारीख बदला, शिक्का मारा आणि शुक्रवारी द्या. खिडक्यांची ऑर्डर अडकलीय."

"देतो," मी म्हणालो.

त्याच दुपारी ताईचा फोन आला. ती आईचं कपाट आवरत होती. इकडचं तिकडचं बोलून झालं तरी फोन ठेवेना. मग म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"ऊन खरंच येत नव्हतं ना रे?"

मी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"मी तिला फार बोलले त्यावरून. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा. आमचं शेवटचं बोलणं तेच झालं. म्हणून विचारतेय. तू म्हणालास येत नव्हतं, तर मी पुन्हा विचारणार नाही."

कुठल्याही भल्या माणसाने तिथल्या तिथे काहीतरी उत्तर दिलं असतं. मी म्हणालो, "आकडे बघून सांगतो."

फोन ठेवल्यावर बारा नंबरची फाइल उघडली. तो विमा कार्यालयातला कारकून टेबलाशी ताठ बसला होता, भिंतीकडे तोंड करून. अठरा वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला उठवलं. डोळा पलंगावर नेला. उशीची उंची धरून जमिनीपासून पंच्याण्णव सेंटिमीटर. बाण खिडकीकडे. मार्चमधला दिवस, चार वाजून दहा मिनिटं. काय येणार ते मला आकडा न काढताही कळत होतं. पश्चिमेची उघडी काच, तिरपं ऊन आणि समोर उशी. हे कळायला संगणक कशाला हवा? पन्नाशीच्या वरच जाणार.

आकडा आला एकतीस.

पुन्हा केलं. एकतीस. एप्रिल केला, नोव्हेंबर केला, साडेचार केले, पाच केले. एकदाही पस्तीसच्या वर गेला नाही. मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारच्या खोलीतून कोणीतरी "काय झालं?" म्हणून विचारलं. काही नाही, मी म्हणालो, आणि ताईला फोन लावला.

"नव्हतं येत ताई. पक्कं बघितलं. भास होत असेल तिला."

मग ताई म्हणाली, "मग बरं." तिचा आवाज काही बरं वाटल्यासारखा नव्हता, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं.

४

मंगळवारी नव्या भागाच्या चाळीसही खोल्या एकदम लावल्या, डोळा उशीवर ठेवून, अख्ख्या वर्षासाठी. वर्षाचे आठ हजार सातशे साठ तास. बटण दाबलं आणि जेवायला गेलो. परत आलो तर सगळं उत्तीर्ण. चाळीसच्या चाळीस.

पहिल्या फेरीत सगळं उत्तीर्ण झालं की आमच्या धंद्यातल्या माणसाने सावध व्हायचं असतं. सोमवारच्या आनंदात मी एक साधा प्रश्न विचारायचा विसरलो होतो. पडदा नाही, छज्जा नाही, समोर उंच काही नाही. मग उन्हाला अडवतंय कोण?

मी वरून बघितलं. बारा नंबरच्या जमिनीवर चार वाजून दहा मिनिटांनी उन्हाचा एक लांबट तिरका चौकोन पडायला हवा होता, वाळत घातलेल्या चादरीसारखा. तसा तो पडला होता. पण त्याच्या मधून एक काळी पट्टी गेली होती. खिडकीच्या पायापासून निघून पलंगावर चढत ती नेमकी उशीवर संपत होती. रुंदी जेमतेम दोन वीत, पण एका माणसाला पुरेल एवढी.

खिडकीत काही नव्हतं. फाइलमध्ये चुकून एखादा खांब राहून जातो, कधी दुसऱ्या कामातलं झाड अदृश्य होऊन येतं. हे सगळं मला पाठ आहे. मी झाडं काढली. टेबल काढलं. नळी काढली. पलंग काढला. शेवटी काचही काढली. चार भिंती, एक भोक आणि सूर्य. पट्टी तशीच.

मग मी वेळ पुढे सरकवली. चार वीस, चार तीस, चार चाळीस. सूर्य खाली येतो तसा सरकतोही. खिडकीत खांब असता तर तो जागेवर राहिला असता आणि त्याची सावली उशीवरून बाजूला गेली असती. इथे उलट होत होतं. सावलीचं टोक उशीच्या जागेवरून हलत नव्हतं. तिचा पाया मात्र खिडकीच्या कडेने सरकत होता, एका वेळी एक छोटं पाऊल.

हे मी तीनदा बघितलं. तिसऱ्या वेळी मला संगणकाच्या पंख्याचा आवाज ऐकू आला. तो नेहमी काम सुरू झालं की एकदाच चढतो आणि मग एका सुरात राहतो. आता तो चढत होता, थांबत होता, पुन्हा चढत होता, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा. धूळ साचली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. उद्या साफ करून घेऊ.

नव्या भागातली पहिली खोली उघडली. पट्टी होती. सातवी उघडली. होती. चाळिसावी उघडायचं धाडस मला झालं नाही, पण आकडाच सांगत होता की तिथेही असणार.

५

आकड्यांवरून प्रत्यक्ष दृश्याचं चित्र काढता येतं. वेळ लागतो. आधी पडद्यावर नुसते करडे ठिपके येतात, मग ते हळूहळू बसत जातात आणि वीसेक मिनिटांत फोटोसारखी खोली दिसते. बुधवारी सकाळी मी बारा नंबरचं चित्र लावलं. बघणारा डोळा उशीच्या जागी.

पाच मिनिटांत खिडकीची चौकट आली. दहा मिनिटांत मैदान आलं. मध्ये काहीतरी गडद होतं, ते बसायला तयार नव्हतं. मग तेही बसू लागलं.

खिडकीत कोणीतरी उभं होतं. माझ्याकडे पाठ. ठेंगणी आकृती, डावा खांदा जरा उतरलेला. उजवा हात कपाळावर धरलेला, लांबवर बघताना धरतात तसा.

मी चित्र अर्ध्यावर थांबवलं.

माझं डोकं अजूनही कारणं शोधत होतं. ठिपक्यांमध्ये माणसाला माणूसच दिसतो. ढगांत दिसतो, भिंतीच्या ओलीत दिसतो. पण ती पाठ मी ओळखत होतो. इतर मुलं आईचा चेहरा ओळखतात, मी पाठ जास्त ओळखत असेन.

सातवीत असताना मी तीन दिवस परीक्षेला गेलोच नाही. घरून निघायचो आणि नदीवर जाऊन बसायचो. चौथ्या दिवशी वर्गशिक्षक घरी आले. आई दारात गेली. दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली आणि मी तिच्या मागे, तिच्या सावलीत. बाहेरचा उजेड तिच्या कडांवरून आत येत होता. "ताप होता हो त्याला," ती म्हणाली, "मीच पाठवलं नाही." इतकं सहज म्हणाली की मलाच क्षणभर ताप चढल्यासारखं वाटलं. सर गेले. ती वळली आणि म्हणाली, "जेवून घे." त्यावर पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. ताई नेहमी चिडायची, "तू याला सारखी पाठीशी घालतेस." खरंच घालायची. खोटं बोलताना तिचा चेहरा कसा व्हायचा, ते मला माहीत नाही. मी नेहमी मागे असायचो.

ती खिडकीत नसती तर आकडा किती आला असता, ते मी कागदावर काढलं. अठ्ठावन्न. ती उभी राहिली म्हणून एकतीस. म्हणजे माझं काम उत्तीर्ण व्हावं म्हणून. जिला शेवटचे चौदा महिने कुशीवरही वळता येत नव्हतं, ती माझी चूक झाकायला उन्हाकडे तोंड करून उभी होती.

आणि मी वर्ष लावलं होतं. चाळीस खोल्या, अख्खं वर्ष, प्रत्येक दुपार. बटण दाबून जेवायला गेलो होतो. मला भीती वाटत होती, नाही म्हणत नाही. पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. खुर्चीतून उठून मी संगणकाची वायरच काढली. पंखा थांबायला बराच वेळ लागला.

६

गुरुवारी दुपारी पावणेचारला मी केंद्रात पोहोचलो. बारा नंबरमध्ये आता एक निवृत्त बसचालक होते. दोन्ही पाय गेलेले, आवाज मात्र खणखणीत. तोंडावर टॉवेल टाकून पडले होते.

"काका, झोपलात का?"

"झोपतोय कसला. उन्हाची वेळ झाली. पाच-सव्वापाचपर्यंत आपला हा असा अवतार."

चार वाजले. ऊन आधी पलंगाच्या पायथ्याशी आलं, मग चादरीवर, मग त्यांच्या छातीवर. मी कागदावर हजारदा बघितलेली गोष्ट. चार दहाला ते टॉवेलवर पोहोचलं. पांढरा टॉवेल इतका चमकू लागला की माझीच नजर वळली.

मी जाऊन खिडकीत उभा राहिलो.

टॉवेल खाली आला. "अहो, हे बेस्ट झालं. हलू नका."

पण हलावं लागत होतं. दर दोन-तीन मिनिटांनी ऊन माझ्या खांद्यावरून निसटून उशीकडे जायचं आणि काका म्हणायचे, "जरा उजवीकडे." मी एक छोटं पाऊल सरकायचो. त्यांच्याकडे तोंड करून उभं राहायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी बाहेरच बघत होतो. दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शर्टाची बटणं तापली. मी हात कपाळावर धरला आणि मग लक्षात आलं की मी कसा उभा आहे. खाली बघितलं. जमिनीवर एकच सावली होती, माझी. ती इथे नव्हती. इथे या माणसाला तिची सावली मिळत नव्हती. ती फक्त माझ्या फाइलमध्ये होती.

उंच नर्स औषध द्यायला आली आणि मला बघून थांबली.

"तेव्हा सांगायचं होतं तुम्ही," मी तिच्याकडे न वळता म्हणालो. "ती वर्तमानपत्रं मी काढली तेव्हा."

"सांगणार होते. तुमच्या आईंनी शपथ घातली होती." तिने बाटली टेबलावर ठेवली. "म्हणाल्या, माझ्या मुलाला कळू देऊ नका. त्याच्या कामात खोट निघाली असं व्हायला नको. मी चारला त्यांच्या डोळ्यांवर ओला नॅपकिन ठेवायचे. त्या गेल्या त्या दिवशी मला नऊ नंबरमध्ये बोलावलं. परत आले तेव्हा सव्वाचार झाले होते." तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं. "डोळे उघडेच होते त्यांचे. मी मिटले."

पाच वाजून दहा मिनिटांनी सूर्य झाडांमागे गेला. मी वळलो तर मला खोलीत काहीच दिसेना, नुसते हिरवे डाग. त्या डागांमधून काकांचा आवाज आला.

"उद्याही येता का हो?"

७

ताईला त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. "येत होतं," मी म्हणालो. "रोज तासभर. मी चुकलो होतो. सोमवारी तुला सांगितलं तेही चूक होतं." चित्राबद्दल बोललो नाही. ताई बराच वेळ आईचा एक स्वेटर घडी घालत राहिली, उलगडत राहिली. मग म्हणाली, "माझ्याऐवजी हे तिला सांगायला हवं होतंस रे." ती रडली नाही. मला वाटलं होतं, रडेल आणि मग मलाही रडता येईल.

आर्किटेक्ट बाई मात्र भडकल्या. "एक शिक्का मारायचा होता हो तुम्हाला!" पण बाई कामाच्या पक्क्या. मी उशीवरून खरा आकडा दाखवला, आईशिवायचा, आणि चौदाव्या पानावरचं ते वाक्य माझ्या सहीने मागे घेतलं. नव्या भागात खिडक्यांबाहेर उभ्या पट्ट्या आल्या, पलंगांची दिशा बदलली. जुन्या भागाला पडदे लागले. काकांच्या खोलीत पहिला.

नव्या खोल्यांचा शेवटचा हिशोब लावला तेव्हा मी पडद्यासमोरून उठलो नाही. पंखा एका सुरात चालला. आकडा एकोणतीस. जमिनीवर उन्हाच्या बारीक रेघा, उशीवर काही नाही, आणि खिडकीत कोणी नाही. चाळीसही खोल्या उघडून बघितल्या. कोणी नाही. सुटली, मला वाटलं. मग कळलं, ती गेली याचा अर्थ ती गेली.

बारा नंबरची जुनी फाइल तेव्हाच पुसायला हवी होती.

खिडकीकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा आतून दिसत नाही, काळवंडतो. आणि ती तर बाहेरच बघत होती. तिचा चेहरा बघायचा एकच मार्ग होता. डोळा बाहेर न्यायचा. खिडकीपासून दोन मीटरवर, हवेत, सूर्य येतो त्याच वाटेवर. बाण आत. एकदाच, मी स्वतःला म्हणालो. माझ्यासाठी खोटं बोलताना ती कशी दिसायची, तेवढं एकदा बघू.

चार दहा. बटण दाबलं. पंखा चढला, थांबला, चढला.

आधी खिडकीची चौकट आली. मग कपाळावरचा हात. मग हाताच्या सावलीत डोळे. ते उघडे होते, सताड, पापणी न हलवता थेट माझ्याकडे. त्यांत ओळख नव्हती. दारात आलेल्या परक्या माणसाकडे बघतात तसं ती माझ्याकडे बघत होती, अदबीने, आणि काही झालं तरी आत येऊ न देण्याच्या बेताने. ठिपके आणखी बसले. तिच्या मागे, खोलीच्या अंधारात, पलंग दिसू लागला. तो मी मंगळवारीच काढून टाकला होता. त्यावर कोणीतरी होतं, सातवीतल्या मुलाएवढं. मी पुढे वाकलो, तसं तिच्या उतरलेल्या खांद्याने ते झाकलं गेलं.

मी चित्र थांबवलं.

पुरतं दिसायला वीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ तिला उन्हात उभं राहावं लागतं. हे माहीत असल्यामुळे मी आता ती फाइल उघडत नाही. चार वाजायच्या आत संगणक बंद करतो आणि घरी जातो. लिफ्टवाला विचारतो, "आज लवकर?" मी हो म्हणतो. बहुतेक दिवस.